भाड्याचा गाऊन

पुणे
१६ जून २०२४

चि. नवनाथ,

आशीर्वाद शेवटी, आधी शिव्या खा. सिल्वासाला जाऊन महिना होत आला आणि तुझं एक पत्र नाही. होस्टेलवाले फोन पेटीत ठेवून घेतात आणि रविवारी तेवढा तासभर देतात, हे आईकडून कळलं. त्या तासात तू क्रिकेट बघतोस, हेही कळलं. मग पत्र लिही ना! आपल्या घरात सगळ्यांत सुरेख अक्षर तुझं. ते काही कुणी पेटीत ठेवून घेत नाही.

पुन्हा बजावते, तिथे कुणावर हात उचलायचा नाही. गावाकडच्या कॉलेजात क्लार्कचे दात पाडलेस, म्हणून हा दुसरा प्रवेश शोधावा लागला. बाबांचंही तेच होतं. हात आधी, डोकं मागून. बाबा गेले ते आपला हात तुझ्याकडे ठेवून गेले, असं आई म्हणते आणि मला ते पटतं.

आता चांगली बातमी. आमची संस्था राज्यभरातल्या कॉलेज-प्रवेशांचा अहवाल करते आहे आणि खानदेशाचा भाग माझ्याकडे आलाय. गेली काही वर्षं आपल्याकडच्या मुली कॉलेजात वाढत होत्या आणि मुलगे बारावीनंतर गायब होत होते. यंदा मुलगे एकदम वर गेलेत. खोदून पाहिलं तर ही वाढ तुमच्यासारख्यांची निघाली. कॉलेज आपल्या राज्यातलं, केंद्र सिल्वासात, कंपनीत हाताला काम आणि सोबत डिप्लोमा. म्हणजे माझ्या तक्त्यात तू आहेस, आणि शेजारच्या मंजुळाकाकूंचा पप्पूसुद्धा. ऑफिसात सगळ्यांना सांगून बसले की या वाढीत माझा सख्खा भाऊ आहे. साहेब म्हणाले, "भारती, पेढे द्या." दिले.

कॉलेज कसं आहे ते सविस्तर लिही. आता आशीर्वाद.

तुझी,
ताई

---

टोकरखाडा, सिल्वासा
२८ जून २०२४

ताई,

साष्टांग नमस्कार. शिव्या पोचल्या. गोड लागल्या.

कॉलेज छान आहे. कौस्तुभ सर शिकवतात, नाशिकचे आहेत, वयाने तुझ्याएवढेच असतील. आमचं प्रॅक्टिकल जास्त असतं. लॅब अथाल गावाच्या पुढे, कंपनीच्या आवारातच आहे. तिथे रबर दाबायचे दोन मोठे रोलर आहेत. एकमेकांना लागून आत-आत फिरतात आणि रबराचा गोळा त्यांच्यात घातला की पापडासारखा होऊन खाली येतो. मी आणि पप्पू तिथेच असतो.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. झुंबरमामा म्हणून आपल्याकडचेच जुने माणूस आहेत, रोलरवर त्यांचं राज्य. त्यांनी आम्हाला उभं केलं आणि मोठ्या कात्रीने शर्टाच्या बाह्या पार खांद्यापासून कापल्या. नवा पोरगा आला की इथे ही पद्धतच आहे. कापलेली बाही वरच्या दांडीला बांधतात. तिथे आजवर आलेल्या सगळ्यांच्या बाह्या ओळीने लोंबतात. मंजुळाकाकूंनी घेऊन दिलेला नवा शर्ट होता म्हणून पप्पू रडवेला झाला. मामा त्याला म्हणाले, "बाही गयी ते जाऊ दे पोऱ्या, हात ऱ्हावाले जोयजे." हात राहिला पाहिजे म्हणे! मग इथल्या वसंतभाईंनी चहा पाजला. ते आमचे सुपरवायझर, म्हणजे लॅबचेच.

कॅंटीनवाल्याने आमचा फोटो काढलाय, तो सोबत पाठवतो. आईला दाखव.

तुझा,
नवनाथ

---

पुणे
७ जुलै २०२४

चि. नवनाथ,

फोटो पाहिला. डिप्लोमाचे विद्यार्थी आहात की आखाड्यातून पळालेले पैलवान? आईला मुळीच दाखवणार नाही. ही कसली पद्धत? नव्या पोरांना छळायचं आणि वर चहा पाजायचा! आमच्या लॅबमध्ये बाही जरा वर सारली तरी मॅडम अंगावर यायच्या, ॲसिड उडेल म्हणून. लॅबमध्ये अंग झाकलेलं पाहिजे, हे शाळेतलं पोरही सांगेल. तुमच्या त्या मामांना कुणी लॅबमध्ये सोडलं?

सोबत पूर्ण बाह्यांचे चार शर्ट पाठवते. दोन तुझे, दोन पप्पूचे. मनगटाशी बटण लावून जायचं. मामांनी कात्री काढली तर माझं नाव सांग.

आणि चार ओळी लिहून हात झटकू नकोस. विषय कोणते, वर्ग किती वाजता, परीक्षा कधी, हे कुठाय?

तुझी,
ताई

---

टोकरखाडा
२० जुलै २०२४

ताई,

शर्ट छान बसले. रोज घालतो. पप्पू तर रविवारीसुद्धा घालून हिंडतो. तू आपल्याला विसरली नाहीस, असं सारखं म्हणत असतो.

अभ्यास खूप आहे, संध्याकाळी अंग मोडून येतं, म्हणून लिहायचं राहतं. विषय मशीन आणि रबर. परीक्षा पुढे आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर दुसऱ्याकडून कळेल. मागच्या आठवड्यात पप्पूला डुलकी लागली म्हणून वसंतभाईने त्याच्या कानाखाली काढली. माझं डोकं फिरलं. मी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीला लावला. मारलं नाही, आईशप्पथ. कौस्तुभ सर मध्ये पडले. माझं मनगट धरून म्हणाले, "नवनाथ, हा हात काहीतरी बनवायला आहे, वाया घालवू नकोस." माणूस चांगला आहे. वसंतभाईलाही त्यांनी चांगलंच झापलं.

तुझा,
नवनाथ

---

पुणे
१ ऑगस्ट २०२४

चि. नवनाथ,

कॉलर धरली म्हणजे मारलं नाही, हा कायदा तू कुठून काढलास? पण पप्पूसाठी धरलीस, म्हणून या वेळी माफ. कौस्तुभ सरांचं ऐकत जा. माणूस खरोखर चांगला आहे. मला कसं ठाऊक, ते विचारू नकोस.

अहवाल आता छपाईला निघेल. साहेब खूश आहेत. मुलगे कॉलेजकडे परत वळताहेत, हे आमचं सगळ्यांत मोठं वाक्य आहे आणि ते मी लिहिलंय. लवकरच तुमच्या लॅबमध्ये एक गंमत होणार आहे. आत्ता सांगत नाही, नाहीतर मजा जाईल. एवढंच कर, त्या दिवशी केस नीट विंचर आणि तोंड पाडून उभा राहू नकोस. आईला दाखवता येईल असं काहीतरी शेवटी तुझ्याकडून होणार आहे.

तुझी,
ताई

---

टोकरखाडा
१३ ऑगस्ट २०२४

ताई,

पप्पू गेला. तुला आईने सांगितलं असेल. कसा गेला ते आईला माहीत नाही, मी तुला सांगतो. कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं फुटेल.

कौस्तुभ सर आणि कॉलेजचा एक माणूस सकाळीच आले. त्यांच्याकडे काळे गाऊन होते आणि गोंड्याच्या टोप्या. सोबत फोटोवाला. सर म्हणाले, फोटो वरून मागवलाय, पदवीदानाचा गाऊन घालून मशीनजवळ उभं राहायचं. त्यांनी पहिलं माझंच नाव घेतलं, "नवनाथ, तू पुढे ये." पप्पूने ती टोपी उचलून डोक्यावर ठेवली होती आणि हसत होता. मी म्हटलं, सर, याला उभा करा, याच्या आईला बरं वाटेल. गाऊन मीच त्याच्या अंगात चढवला.

गाऊनची बाही तू पाहिली आहेस का ताई? झोळीएवढी असते. झुंबरमामा कात्री घेऊन धावत आले. कॉलेजचा माणूस आडवा झाला. म्हणाला, "ओ मामा, गाऊन भाड्याचा आहे, कापायचा नाही." सर म्हणाले, मग मशीन तरी बंद करा. कॉलेजचा माणूस म्हणाला, नाही, चालू मशीनचाच फोटो पाहिजे असं सांगितलंय. फोटोवाला गुजरातीत ओरडला, "मशीन चालू राखो, असल लागे!" आणि पप्पूला म्हणाला, हात पुढे कर, काम करतोयस असा दिसू दे.

बाही आत गेली. बाहीमागून बोटं गेली, कोपर गेलं. पप्पू एकदाच ओरडला, "नवन्या!" मी त्याला कमरेला धरून मागे ओढलं. मशीन बंद होईपर्यंत खांदा आत होता. मी ओढत होतो आणि तो सुटला ताई, पण हात सुटला नाही. आम्ही दोघं मागे पडलो. त्याचं रक्त माझ्या तोंडात गेलं. दवाखान्याच्या दारात गाडी पोचली तेव्हा तो माझ्या मांडीवर गार पडला होता.

मंजुळाकाकू दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी पप्पूच्या अंगावरची चादर स्वतः बाजूला केली. रडल्या नाहीत. माझ्याकडे बघून विचारलं, "तेना हात कोठे शे?" मी काय सांगू? हात वेगळ्या पिशवीत होता. कंपनीच्या साहेबाने त्यांना सांगितलं, हा आमचा कामगार नव्हताच, कॉलेजचा विद्यार्थी होता, कॉलेजला विचारा.

खरं ऐक. लॅब नाही, कारखाना आहे. प्रॅक्टिकल नाही, बारा तासांची पाळी आहे. वर्ग शनिवारी कॅंटीनमध्ये तासभर, त्यातही आम्ही झोपतो. तू पेढे वाटलेस म्हणून मी तुझ्याशी खोटं बोललो. तू पाठवलेल्या शर्टांच्या बाह्याही त्याच दांडीला लोंबताहेत. पप्पूला उघड्या हाताने काम करताना कधी काही झालं नाही.

चालू मशीनचा फोटो ज्याने मागितला, त्याला मी शोधणार. आणि सापडला की त्याचा उजवा हात उजवा राहणार नाही. बाबांची शपथ घेतलीय.

नवनाथ

---

पुणे
१७ ऑगस्ट २०२४

नवनाथ,

तुझं पत्र आल्यापासून मी ऑफिसला गेलेले नाही. आई रोज फोन करते, मी उचलत नाही.

तुझ्या पाया पडते, शपथ मोडून टाक. मोठी बहीण म्हणून ती मी माझ्यावर घेते. फोटो कुणी मागितला हे शोधून पप्पू परत येणार आहे का? मागणाऱ्याला तिथे काय चाललंय हे ठाऊक तरी असेल का? कुठे तरी लांब बसलेलं माणूस असेल, त्याला ते यंत्र म्हणजे काय तेही माहीत नसेल. त्यालाही आता झोप लागत नसेल.

कौस्तुभ सरांना काही विचारू नकोस. एक अक्षरही नको. सामान बांध आणि गावी निघून ये. पत्र मिळताच निघ.

ताई

---

सब जेल, सिल्वासा
१ सप्टेंबर २०२४

ताई,

आईने सांगितलं असेल. मी बरा आहे.

तू लिहिलंस, कौस्तुभ सरांना काही विचारू नकोस. तेव्हा मला कळलं की विचारण्यासारखं तिथेच आहे. तू शिकलेली, तुझा संशय उगाच नसणार. गाऊन त्यांनीच आणले होते आणि "वरून मागवलाय" हेही तेच म्हणाले होते.

ते दादऱ्याला राहतात. रविवारी तळ्याच्या बागेत फिरायला जातात, मला माहीत होतं. मी साच्याची सळई शर्टात घातली होती. गेटच्या बाहेर त्यांना धरलं आणि विचारलं, फोटो कुणी मागितला? ते म्हणाले, "ते सोड, नवनाथ. तू घरी जा." मी मनगटावर मारली. पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "मला सांगता येणार नाही." कोपरावर मारली. हाड मोडलेलं कानाला कळतं. लोक लांब उभे राहून बघत होते, फोन काढून. मी दर वेळी तेच विचारलं आणि दर वेळी मारलं. एक नाव सांगितलं असतं तर मी थांबलो असतो, तसं मी त्यांना सांगतही होतो. शेवटी ते जमिनीवर पडून माझ्याकडे नुसते बघत राहिले. साल्याने तोंड उघडलं नाही. म्हणून समजलो की मागणारा तोच.

पोलीस आले तेव्हा सळई मीच त्यांच्या हातात दिली. ज्या मनगटावर आधी मारलं ते उजवंच होतं. शपथ पुरी झाली. आता झोप लागायला हवी होती, पण लागत नाही. त्यांच्या बघण्यात राग नव्हता ताई. तेवढं एक कळत नाही.

नवनाथ

---

पुणे
८ सप्टेंबर २०२४

नवनाथ,

हे पत्र बसून वाच.

फोटो मी मागितला. अहवालाच्या मुखपृष्ठासाठी. मी कौस्तुभ सरांना फोन केला आणि म्हटलं, मुलं गाऊनमध्ये हवीत आणि यंत्र चालू हवं, शिकणं आणि कमावणं एकत्र दिसलं पाहिजे. माझा भाऊ नवनाथ तिथेच आहे, त्याला सगळ्यांच्या पुढे उभं करा, आणि माझं नाव त्याला सांगू नका, गंमत करायचीय. सर म्हणाले, मॅडम, यंत्र बंद ठेवून काढू या का? मी म्हटलं, बंद यंत्राजवळ उभी मुलं म्हणजे लग्नातला फोटो वाटतो. मग मी त्यांच्या कॉलेजात फोन करून तेच पुन्हा बजावलं. या वाढीचं माझं एवढं कौतुक होत होतं की मला चांगला फोटो हवाच होता. त्यात तू हवा होतास. तू पुढे आला असतास तर आईने चादर तुझ्या अंगावरून बाजूला केली असती.

पप्पू गेल्याचं तुझं पत्र आलं आणि मी घाबरले. पप्पूसाठी नाही घाबरले, लाज वाटते पण खरं आहे. तुला कळेल म्हणून घाबरले. म्हणून लिहिलं की सरांना विचारू नकोस. त्यातून तू काय काढशील, हे मला कळायला हवं होतं. मी तुला लहानपणापासून ओळखते.

तुझं जेलमधलं पत्र मिळताच सिल्वासाला जाऊन आले. तुझ्या जेलसमोर रिक्षा थांबवली आणि उतरायचं धाडस झालं नाही. दवाखान्यात गेले. सरांच्या हातात सळया घातल्यात, बोटं हलत नाहीत. मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलंत? ते म्हणाले, "घेतलं असतं तर त्यानं मारणं थांबवलं असतं हो. पण मग तो कुठे गेला असता? त्याला एकच बहीण आहे." मग म्हणाले, "आणि मशीनचं बटण माझ्यापासून हातभर लांब होतं. मला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. मी नाही दाबलं." मी त्यांच्या पलंगाच्या दांडीवर डोकं आपटून घेतलं. नर्सने बाहेर काढलं.

आल्यावर साहेबांकडे गेले. म्हटलं, ही वाढ खोटी आहे, ही मुलं कॉलेजात नाहीत, रोलरसमोर आहेत, अहवाल थांबवा. ते म्हणाले, नोंदणी तर कॉलेजात आहे ना? आपण नोंदणी मोजतो. वर म्हणाले, फोटो मात्र दुसरा टाकू. त्यांच्या टेबलावरची काच मी पेपरवेटने फोडली. एक तुकडा त्यांच्या गालात गेला. बाबांचा हात तुझ्या एकट्याकडे नाही राहिला, माझ्याकडेही निघाला. नोकरी गेली, ते जाऊ दे. कामगार अधिकाऱ्यांकडे लेखी देऊन आले आहे की पप्पू कामगार होता आणि त्याला विद्यार्थी मीच मोजला. मंजुळाकाकूंना मी सगळं तोंडावर सांगितलं. त्यांनी मला मारलं नाही. दार लावून घेतलं.

तू शपथ घेतली होतीस. तो माणूस मी आहे. तू बाहेर आलास की मी तुझ्यासमोर उभी राहीन, पळणार नाही.

भारती

---

सब जेल, सिल्वासा
२२ सप्टेंबर २०२४

ताई,

अक्षर बघून तुला वाटेल, दुसऱ्या कुणी लिहिलंय. मीच आहे. डाव्या हाताने लिहितोय, म्हणून थोडंच लिहीन.

तुझं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. तू समोर असतीस तर काय केलं असतं मला माहीत नाही. मग बसून विचार केला. तुझ्यावर माझा हात उठणार नाही, मेलो तरी नाही. पण शपथ बाबांची आहे. लॅब आहे असं तुला मी लिहिलं होतं. गाऊन पप्पूच्या अंगात मीच चढवला. आणि सरांवर चालला तोही हाच हात. तर शपथेतला हात हाच निघाला.

बराकीचं दार लोखंडी आहे. उजवा हात फटीत घातला आणि डाव्याने दार ओढलं. लागलं. मी ओरडलो तेव्हा तोंडातून माझं नाव निघालं, पप्पूच्या आवाजात. डॉक्टर म्हणतात, बोटं राहतील की नाही ते अजून सांगता येत नाही. जेलर म्हणतो, वेडा आहे. आता झोप लागते.

सरांना माझा नमस्कार सांग. पाया पडतो म्हणून सांग. माफी मागत नाही, मागायला तोंड नाही.

मंजुळाकाकूंच्या दारात रोज जा. उघडत नाहीत तोवर जात राहा. आणि कुठेही काही मोजशील तेव्हा पप्पूला आणि मला त्या कॉलेजातून काढून टाक.

भेटायला ये. रिक्षातून उतर. हाताला पट्टी आहे, इथला शर्ट चढत नाही. येताना एक शर्ट आण. बाह्या मात्र तूच काप.

तुझा,
नवनाथ